कवडीमोल म्हणू नका!

मैत्रिणींनो, नागपूरला आलात की संत्र्यांची टोपली आणि इतवारीतली साडीखरेदी ठरलेलीच! या खेपेस महालातल्या जुन्या गल्ल्यांतूनही एक फेरी मारा. पूजेच्या सामानाच्या दुकानात हळदकुंकवाशेजारी वाटीभर कवड्या दिसतील. समुद्र शेकडो मैल दूर, मग या इथं कशा?

अहो, नागपूरकर भोसल्यांचा आणि कवडीचा संबंध जुना आहे. १७५१ ते १८०३ ओरिसा त्यांच्याकडे होता. तिथं बाजारहाटच काय, शेतसाराही कवड्यांत भरत. या कवड्या मालदीव बेटांवरून गलबतांनी येत. पुढं इंग्रजांनी सारा चांदीच्या रुपयांत मागितला आणि रयत नाडली गेली. १८१७ च्या पाइकांच्या बंडामागं हेही एक कारण होतं. आणि आपण खुशाल 'कवडीमोल' म्हणतो!

आपल्याला कवडी म्हणजे सारीपाटाचं दान, नाहीतर भवानीची माळ. पण ती एका समुद्री गोगलगायीचं घर आहे, बरं का! लक्षद्वीप-मालदीवच्या उथळ पाण्यात, पोवळ्यांच्या कपारीत ती दिवसा दडून बसते आणि रात्री चरायला निघते. तेव्हा अंगाचे दोन मऊ, रंगीत पदर दोन्ही बाजूंनी वर घेऊन ती आपली कवडी शालीसारखी झाकते. या पदरांमुळंच कवडीला काचेसारखी चकाकी येते. गोगलगाय मेली की किनाऱ्यावरच्या ऊन-वाळूनं ती फिकी पडते. म्हणजे दुकानातली लखलखीत कवडी बहुधा जिवंत जीव मारूनच आणलेली!

हे मी वाचलं होतं, तरी दुकानदारानं मुठीएवढी ठिपक्यांची कवडी पुढं करून "घ्या ताई, शोकेसमध्ये शोभेल," म्हटल्यावर हात पुढं गेलाच. मग आठवलं, घरी सासूबाईंनी जपलेल्या सारीपाटाच्या पिशवीत सात कवड्या आहेत. मी ती मुकाट्यानं खाली ठेवली.

तुमच्याकडेही अशा जुन्या कवड्या असतील. मळल्या असतील तर कोमट पाण्यात थोडा साबण घालून मऊ ब्रशनं धुवा आणि सावलीत वाळवा. लिंबू, चिंच, व्हिनेगर मात्र लावू नका. कवडी चुन्याची, आंबटानं तिचं तेज जातं.

आमच्या सातही धुऊन लख्ख झाल्या. रात्री सासूबाईंनी डाव मांडला आणि मला चक्क हरवलं!