पहिलं नाव आईंचं

आमच्या घरखर्चाला तीन वाटा होत्या. लाईट बिल, सोसायटीचा मेंटेनन्स आणि शाळेची फी नवऱ्याच्या पगाराच्या खात्यातून जायची. किराणा आणि ऑनलाइन मागवलेलं सामान माझ्या खात्यातून. दूध, भाजी, इस्त्रीवाला आणि कामाच्या मावशींचा पगार मात्र सासूबाईंच्या हातातल्या रोख पैशांतून. महिनाअखेरीला एकूण किती गेले हे कोणालाच धड सांगता यायचं नाही. तरी मला खुपायचं ते वेगळंच. घर चालवतात आई, आणि दर आठवड्याला मुलाकडे "दोन हजार देऊन ठेव रे" म्हणायची वेळही त्यांच्यावरच. नवं खातं काढायचं ठरलं तेव्हा मी एकच अट घातली. खातं आईंच्या आणि माझ्या नावावर असेल, आणि पहिलं नाव त्यांचं.

बँक निवडताना नवरा आधी व्याजाकडे वळला. मोठ्या बँका बचत खात्यावर अडीच टक्क्यांच्या आसपास देतात, काही छोट्या बँका त्याहून बऱ्याच जास्त. पण घरखर्चाच्या खात्यात पैसा मुक्कामाला येतच नाही. सरासरी वीस हजार शिल्लक धरली, तर एक टक्का जादा व्याजाने वर्षाला दोनशे रुपये सुटतात. किमान शिल्लक राखली नाही म्हणून एका महिन्याचा दंड बसला, तरी तेवढे सहज जातील. व्याजाचा मुद्दा तिथेच संपला.

खरा अभ्यास करावा लागला तो किमान शिल्लक या प्रकाराचा. एका खाजगी बँकेचं ॲप आम्हाला फार आवडलं होतं, पण त्यांची अट होती महिन्याची सरासरी दहा हजारांची. ऐकायला सोपं वाटतं. ही सरासरी म्हणजे रोज रात्रीची शिल्लक मांडून तिची बेरीज करायची आणि महिन्याच्या दिवसांनी भागायचं. मी आमच्याच घराचा महिना ढोबळपणे कागदावर मांडला. एक तारखेला चाळीस हजार आले, चार दिवस तसेच राहिले आणि पाच तारखेला फी, मेंटेनन्स, वाणसामान असं सगळं जाऊन पाच हजार उरले. चार दिवसांचे एक लाख साठ हजार, उरलेल्या सव्वीस दिवसांचे एक लाख तीस हजार. तीसने भागले की 9,667. चाळीस हजार खात्यात येऊनही अट मोडली! ज्या घरात महिन्याच्या सुरुवातीलाच मोठी देणी भागवतात, तिथे हे हमखास होणार. वेळेवर पैसे देणाऱ्या घराला दंड बसावा हे मला मुळातच पटत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार हा दंड जेवढी तूट असेल त्या प्रमाणातच घ्यावा लागतो, आणि केवळ दंडापायी खातं उणे शिलकीत नेता येत नाही, हे खरं. पण मुळात ती टांगती तलवार हवीच कशाला? स्टेट बँकेने बचत खात्यांवरची ही अट 2020 सालीच काढली. 2025 मध्ये कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक आणि आणखी काही सरकारी बँकांनीही काढली. आमची यादी त्यामुळे आपोआप आखूड झाली.

आईंचं मन मात्र कोपऱ्यावरच्या सहकारी बँकेत होतं. तिथले शिपाईसुद्धा त्यांना नावाने ओळखतात, खुर्ची देतात. पुण्यामुंबईतल्या कित्येक घरांचं सहकारी बँकांशी असं घरोब्याचं नातं आहे, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त एक हजार रुपये काढता येत होते, हेही आम्ही टीव्हीवर पाहिलं होतं. ठेवींवरचं विम्याचं संरक्षण फेब्रुवारी 2020 पासून एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत आहे. आमची रक्कम त्यात आरामात बसते. प्रश्न वेळेचा होता. कायदा बदलल्यावर आता विम्याचे पैसे निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत मिळायला हवेत. मुदत ठेव नव्वद दिवस थांबू शकेल. दूधवाला कसा थांबेल? मी हे आईंना सांगितलं, तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "ठेव तिथेच राहू दे माझी. घरखर्चाचं तू म्हणतेस तिथे काढू." मला हा तोडगा माझ्या युक्तिवादापेक्षा जास्त शहाणपणाचा वाटला.

शेवटी चालत जाता येईल अशा अंतरावरची एका राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा ठरली. तिथे पासबुक छापायचं मशीन आहे, आणि आईंसाठी तो मोठा मुद्दा होता. ॲपमध्ये सगळं दिसतं हे त्यांना मान्य आहे, पण हिशेब कागदावर असला की त्यावर पेन्सिलीने खूण करता येते.

फॉर्म भरताना टेबलापलीकडच्या गृहस्थांनी सवयीने विचारलं, "मिस्टरांचं नाव पहिलं ना?" आईच म्हणाल्या, "नाही. माझं." व्यवहार कोणी करायचे या रकान्याकडे मात्र नीट लक्ष द्यावं लागतं. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' लिहिलं तर दोघींपैकी कोणीही व्यवहार करू शकते, आणि एक गेली तर दुसरीला खातं चालवता येतं. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' लिहिलं, तर पहिलं नाव असलेली व्यक्ती हयात असेतो दुसरीला हात लावता येत नाही. एका शब्दाने अख्खं खातं बदलतं, आणि घाईत तो शब्द कोणी वाचत नाही. नॉमिनी म्हणून नवऱ्याचं नाव दिलं. संयुक्त खात्यात नॉमिनीचा संबंध दोन्ही खातेदार गेल्यावरच येतो, हे मी आईंना मुद्दाम समजावून सांगितलं. सासरे गेल्यानंतर कागदपत्रांपायी त्यांची झालेली दमछाक मी जवळून पाहिली आहे.

दोघींचेही मोबाइल नंबर बँकेत नोंदवून घेतले. भाजीवालीचा कोड स्कॅन करून पैसे द्यायला आई आता सरावल्या आहेत. यूपीआयला आम्ही फक्त हेच खातं जोडलं आहे. बचतीची खाती त्यापासून लांब ठेवली, म्हणजे उद्या कोणी फसवलंच तर त्या महिन्याच्या पैशांपुरतंच नुकसान होईल. दर एक तारखेला माझ्या आणि नवऱ्याच्या पगारातून ठरलेली रक्कम आपोआप तिकडे जाते. आईंना मागावं लागत नाही. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे.

पासबुकाची पानं मात्र भराभर संपतात. कोथिंबिरीच्या दहा रुपयांचीसुद्धा एक ओळ छापून येते, आणि तिच्यापुढे आकडे-अक्षरांची लांबलचक माळ. आई त्यावर बारीक अक्षरात लिहितात: भाजी, इस्त्री, औषध.

मावशींचा पगारही खात्यातूनच द्यावा, ही सूचना आईंचीच. विचारलं तर मावशींचं जनधन खातं होतं, पण दोन वर्षांहून जास्त काळ त्यात काहीच व्यवहार नसल्याने ते निष्क्रिय झालेलं. "आता ते सुरू करायला पैसे भरावे लागतील ना?" असं मावशी विचारत होत्या. लागत नाहीत. खातं पुन्हा चालू करायला शुल्क घ्यायचं नाही असा नियम एप्रिल 2024 पासून आहे, फक्त केवायसी नव्याने करावं लागतं. सोमवारी सकाळची कामं आटोपली की आई त्यांना घेऊन बँकेत जाणार आहेत. आधार कार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो त्यांनी आत्ताच पिशवीत घालून ठेवले आहेत.