अंगठे धरण्याचा हट्ट

२१ जूनला शाळेत योगदिन असतो. आम्ही दोघंही शिक्षक. वर्षभर खडू उचलण्यापलीकडे व्यायाम नाही, पण त्या दिवशी मुलांपुढे वाकून दाखवावं लागतं. दोन वर्षांपूर्वी पश्चिमोत्तानासन करताना आमच्यापैकी एकानं (कोणी, ते घरातल्या शांततेसाठी सांगत नाही) पायांचे अंगठे धरायचेच असा हट्ट केला. अंगठे हाताला लागले आणि कंबर धरली. पुढचे तीन आठवडे नमाज खुर्चीवर बसून.

व्यायामोपचारवाल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "वाकलात कुठून?" आम्हाला उत्तर येईना. वाकायचं ते कमरेतून नव्हे, खुब्यातून. मांडीमागचे स्नायू आखडलेले असले तर गुडघे थोडे दुमडायचे, नाहीतर सगळा ताण मणक्यांवर जातो. मणक्यातली गादी सरकलेली असेल तर अशी आसनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचीच नाहीत. वाढलेला रक्तदाब किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नये. बी.एड.ला आम्ही 'सोप्याकडून अवघडाकडे' हे सूत्र घोकलं होतं. स्वतःच्या अंगाला ते लावायचं राहून गेलं.

तेव्हा दादांची आठवण झाली. आमचे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, आटपाडीचे. आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे आणि औंध साताऱ्यात, पण त्या काळी दोन्ही गावं औंध संस्थानातली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत. संस्थानच्या शाळांतही त्यांनी ते सक्तीचे केले होते. त्यांचं यावरचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनहून निघालं. दादा त्याच शाळांत शिकले. नावावरून, मंत्रांवरून आपल्या घरांत कुरबुर होते, तशी त्यांच्याही घरी झाली असणार. दादांनी मंत्र सोडले, कसरत ठेवली. "झुकायचं एकासमोरच, ही नुसती अंगमेहनत," असं म्हणत. पण कधी आकडा गाठण्याच्या मागे लागले नाहीत. दम लागला की थांबत, ताप असला की त्या दिवशी सुट्टी.

पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी भिंत, खुर्ची, पट्टे आणि लाकडी ठोकळे यांचा आधार घेऊन आसनं शिकवली. आम्हाला पूर्वी वाटायचं, आधार म्हणजे कमीपणा. पण अम्मीचे गुडघे दुखतात म्हणून ती खुर्चीवर नमाज पढते, तर तिची नमाज अपुरी असं आपण म्हणतो का? मग आसनालाच ही जिद्द कशासाठी?

आता फजरनंतर पंधरा मिनिटं, रिकाम्या पोटी. तळपायांभोवती ओढणी घालून तिची टोकं हातात धरायची आणि श्वास अडखळला की तिथंच थांबायचं. रमजानमध्ये असरनंतर अगदी हलकं काहीतरी. इफ्तारच्या भजी-समोशांवर लगेच तर मुळीच नाही. अंगठे अजून चार बोटं लांब आहेत. अम्मी खाटेवरून बघत असते आणि रोज विचारते, "ओढणी कुणाची घेतलीस?"