परक्याचा सल्ला आणि आपले रान

नीरा आणि भीमा या नद्यांचा जिथे संगम होतो त्या नरसिंहपुराशी पुणे जिल्हा संपतो आणि नदीपलीकडे सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस व माढा हे तालुके सुरू होतात. लक्ष्मी-नृसिंहाच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकाला ही हद्द जाणवत नाही. परंतु कृषी विस्ताराची, म्हणजे संशोधन केंद्रातील ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेण्याची, सरकारी व्यवस्था गाव, तालुका आणि जिल्हा अशा हद्दींनी बांधलेली असल्यामुळे एका काठावरच्या शेतकऱ्याचा कृषी सहायक वेगळा असतो आणि समोरच्या काठावरच्याचा वेगळा. उसावरची हुमणी, डाळिंबावरचा तेल्या आणि नदीचे पाणी या हद्दी मानत नाहीत. मोबाइलवरचे शेतकऱ्यांचे गट मूळ धरू शकले त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

२०१६ पासून मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि व्हॉट्सॲपच्या एका गटात त्याच वर्षी २५६, तर २०२२ मध्ये १०२४ सदस्य घेण्याची सोय झाली. लहान गटात बहुतेक सदस्य गावचे, भावकीचे किंवा एकाच कारखान्याचे सभासद असत आणि उत्तर देणाऱ्याचे रान विचारणाऱ्याने पाहिलेले असे. हजाराच्या गटात ते शक्य राहिले नाही. आज इंदापूर तालुक्यातील शेतकरी उसाचा बेणेप्लॉट, ठिबकच्या नळीची जाडी, मुलाला कोणत्या शाखेत घालावे, दुधाचा धंदा वाढवावा की बंद करावा, असे सर्व प्रकारचे प्रश्न ज्यांचे तोंडही पाहिलेले नाही अशा माणसांना विचारतो. या सवयीला भाबडेपणा म्हणून झटकून टाकणे अभ्यासाच्या दृष्टीने चुकीचे आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलेला ‘दुर्बल नात्यां’चा विचार येथे उपयोगी पडतो. निकटच्या माणसांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते, त्यामुळे नवी माहिती बऱ्याचदा दूरच्या, जुजबी ओळखीच्या माणसाकडून येते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

नरसिंहपूरच्या काठावर या विचाराचा पडताळा दर पावसाळ्यात येतो. वीर धरणातून नीरेत आणि उजनीतून भीमेत एकाच वेळी विसर्ग सुरू झाला की दोन्ही पाणी संगमावर एकत्र होऊन खाली पंढरपूरकडे जाते. हा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी वाहते या मापात, सांगितला जातो आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. काठावर उपसा सिंचनाच्या मोटारी असलेल्या शेतकऱ्याचा गटावरचा ठरलेला प्रश्न असा असतो: ‘वीरमधून किती सोडलंय, मोटारी काढाव्या का?’ हे वाक्य एक असले तरी त्यात दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात माहिती मागितली आहे; वरच्या अंगाच्या कोणत्याही अनोळखी माणसाने पुलाजवळच्या पाण्याचा फोटो वेळेसह टाकला तर ती मिळते आणि जलसंपदा विभागाने जाहीर केलेल्या आकड्याशी ताडूनही पाहता येते. दुसऱ्यात निर्णय मागितला आहे, आणि तो काठाची उंची, मोटार काढायला मिळणारी माणसे, पिकाची तहान, मागच्या पुरात पाणी कुठवर आले होते याची आठवण अशा गोष्टींवर ठरतो. यांतले काहीही वीरजवळच्या माणसाला माहीत नसते. परक्याकडून माहिती निःशंकपणे घ्यावी, निर्णय मात्र त्याच्याकडून घेऊ नये, हा भेद या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

अनोळखी माणसाला विचारण्याची प्रथा मोबाइलने निर्माण केलेली नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात (१९२७ ते १९५३) वाचक आपल्या शरीराविषयी आणि संसाराविषयी जे प्रश्न पाठवत, ते त्यांना घरात, आळीत किंवा गावच्या वैद्यालाही विचारता येत नसत, आणि कर्वे परके होते म्हणूनच त्यांना ते विचारता येत. अशा प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली आणि तरीही त्यांना दंड झाला. या प्रकरणातून जे दिसते त्याकडे आजच्या सल्ल्याच्या बाजारात दुर्लक्ष होते: उत्तराखाली कर्व्यांचे नाव होते आणि उत्तराची किंमत त्यांनी स्वतः मोजली. मोबाइलच्या गटावर उत्तर देणाऱ्याला चूक उत्तराची कोणतीही किंमत द्यावी लागत नाही, आणि किंमत न देणाऱ्याचा आवाज बहुधा अधिक ठाम असतो.

सर्वाधिक नुकसान पानाच्या फोटोवरून होते. उसाचे पिवळे पान गटावर टाकून ‘काय मारू?’ एवढेच विचारले की थोड्याच वेळात चार औषधांची नावे येतात. परंतु पिवळेपणा हे एका रोगाचे नव्हे, तर अनेक कारणांचे लक्षण आहे. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला असेल तर तो बहुधा लोहाच्या कमतरतेचा केवडा असतो. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडले असण्याचा संभव असतो. बेट वाळू लागले असेल आणि ओढताच हातात येत असेल तर मुळाशी हुमणी शोधावी लागते, आणि सरीत पाणी साचून मुळ्या गुदमरल्या असतील तर कोणत्याही फवारणीचा उपयोग होत नाही. फोटोत पान दिसते. त्या पानाखालची जमीन दिसत नाही.

नीरा खोऱ्यात तर जमिनीला विशेष महत्त्व आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आल्यानंतर बारामती-इंदापूरच्या भारी काळ्या रानांत पाण्याची पातळी वर येऊन क्षार पृष्ठभागावर साचू लागले आणि या खाऱ्या जमिनींचा अभ्यास हॅरॉल्ड मान व व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० मध्येच प्रसिद्ध केला होता. एकाच शिवारात वरचे रान निचऱ्याचे आणि ओढ्याकडचे रान चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेले, ही स्थिती आजही आढळते. नीरेच्याच काठावर असलेल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राशी जोडलेले को ८६०३२ आणि फुले २६५ हे वाण शेतकऱ्यांच्या रोजच्या बोलण्यात असतात. यांतला कोणता चांगला, या प्रश्नाला जमिनीवेगळे उत्तर नाही, कारण फुले २६५ चोपण-खारवट जमिनीत तग धरतो, तर त्याच्या साखर उताऱ्याविषयी काही कारखान्यांनी नाराजी दाखवलेली आहे. कोल्हापूरच्या लाल मातीतला शेतकरी आपल्या अनुभवाशी प्रामाणिक राहून जे सांगेल, ते नरसिंहपूरच्या काळ्या रानात खोटे ठरू शकते, आणि त्यात त्याचा दोष काढता येत नाही.

बाजाराचेही असेच आहे. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ नियंत्रकाचा, म्हणजे वेलीची शाकीय वाढ रोखणाऱ्या रसायनाचा, अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला आणि निर्यातदारांसह बागायतदारांना मोठा फटका बसला. जो आपला माल पुण्याच्या मार्केट यार्डात विकतो त्याने सुचवलेला डोस निर्यातीच्या बागेला लागू पडतोच असे नाही. म्हणून डोस विचारताना माल कोणत्या बाजाराला जाणार आहे ते प्रश्नातच सांगितले पाहिजे.

विस्तारशास्त्रातील एक जुना निष्कर्ष येथे लक्षात घ्यावा लागतो. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ मध्ये आयोवा राज्यातील संकरित मक्याच्या प्रसाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की नव्या बियाण्याची पहिली वार्ता शेतकऱ्यांना बहुधा विक्रेत्याकडून मिळाली, पण ते पेरण्याचा निश्चय शेजाऱ्याकडे पाहून झाला. शेजाऱ्याचे पीक बांधावरून दिसते आणि फसले तर तेही दिसते. गटावर फसलेले पीक सहसा दिसत नाही. ज्याला सल्ला लागू पडला तो हिरव्यागार रानाचा फोटो टाकतो आणि ज्याचे नुकसान झाले तो गप्प बसतो, त्यामुळे चुकीचा सल्लाही पुढच्या हंगामात नव्या सदस्यांना तितक्याच विश्वासाने दिला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते आजच्या सल्लाव्यवहारातील सर्वांत गंभीर उणीव हीच आहे, आणि ती भरून काढणे सल्ला देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याच्या हाती अधिक आहे.

नोकरी, लग्न किंवा स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात आणखी एक वर्ष राहावे की गावी परतावे, अशा प्रश्नांबाबत हा दोष अधिकच तीव्र होतो, कारण तेथे माती परीक्षणासारखी कसोटी नसते आणि निकाल कळायला वर्षे लागतात. अशा वेळी परक्यांना ‘काय करू?’ असे न विचारता ‘तुम्ही काय केले, त्या वेळी घरची स्थिती काय होती आणि पुढे काय झाले?’ असे विचारावे, म्हणजे उत्तरात निकालाऐवजी हकीकत येते आणि तिची आपल्या स्थितीशी तुलना करता येते.

शेतीपुरते बोलायचे तर साधने हाताशी आहेत. २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब यांसह १२ घटकांची नोंद असते, बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून मिळते, आणि २००४ मध्ये सुरू झालेल्या किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर कृषी पदवीधराशी मराठीत विनामूल्य बोलता येते. गटावर प्रश्न टाकताना त्या पत्रिकेचा फोटो, लागवडीची तारीख, वाण, पाण्याचा स्रोत आणि आजवर दिलेली खते-औषधे इतके लिहिले तर हजार अनोळखी सदस्यांपैकी ज्या दोघा-तिघांना खरोखर काही माहीत आहे ते उत्तर देतील. आणि ज्यांनी या आडसालीत कोणाच्या सल्ल्याने काही केले असेल, त्यांनी ऊस गाळपाला गेल्यावर एकरी वजन, मग ते वाढलेले असो वा घटलेले, त्याच गटावर, त्याच सल्ल्याखाली लिहावे, अशी या लेखाच्या वाचकांना विनंती आहे.