शेवटचा बदल

मागच्या उन्हाळी सुट्टीत मी घरचा कॉम्प्युटर बिघडवला. तो दुरुस्त व्हायला एक रात्र पुरली. पण त्याआधी नऊ दिवस मी घरच्यांशी खोटं बोलत होतो. हा लेख त्या नऊ दिवसांबद्दल आहे.

आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. बाबा सैन्याच्या ईएमई कोअरमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. शेवटची पोस्टिंग सिकंदराबादला होती, म्हणून आम्ही तिथेच घर केलं. घरात एकच कॉम्प्युटर आहे. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, १६ जीबी मेमरी आणि बी४५० चिपसेटचा एक साधा, स्वस्तातला मदरबोर्ड. ताईच्या एम.कॉम.च्या प्रोजेक्टसाठी बाबांनी चेनॉय ट्रेड सेंटरमधून सुटे भाग आणून तो स्वतः जोडला होता.

सुट्टीवर जाण्याआधी मला ओव्हरक्लॉकिंगचं वेड लागलं होतं. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर किंवा मेमरी जास्त वेगाने चालवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. यातली सेलेरॉन ३००ए ची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९९८ साली इंटेलने हा स्वस्त प्रोसेसर काढला. त्याचा गुणक ४.५ ठरलेला आणि बसचा वेग ६६ मेगाहर्ट्झ, म्हणून एकूण वेग ३००. हौशी लोकांनी ४४०बीएक्स चिपसेटच्या मदरबोर्डवर बसचा वेग १०० केला आणि तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर धावू लागला. पैसे ३००चे, काम ४५०चं! मी ठरवलं, आपणही करायचं.

त्या गोष्टीतली एक बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. ४४०बीएक्स चिपसेट मुळातच १०० मेगाहर्ट्झच्या बससाठी बनवलेला होता. ताण प्रोसेसरवर आला तरी बोर्ड आपल्याच वेगात चालत होता. माझा बोर्ड तसा नव्हता.

सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी, घरी कोणी नसताना मी बायोस उघडलं. प्रोसेसरचे सगळे कोअर ४.३ गिगाहर्ट्झला लावले, व्होल्टेज १.४ केलं आणि त्याच बैठकीत मेमरी ३२०० वरून ३६०० वर नेली. कॉम्प्युटर सुरू झाला, गेम छान चालला. दोन दिवसांनी तो मध्येच बंद पडू लागला. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. मी घाबरलो आणि गुपचूप प्रोसेसर मूळ वेगावर आणला. बंद पडणं कमी झालं. मेमरी मात्र ३६०० वरच राहू दिली, कारण तिच्यावर मला संशयच नव्हता.

त्याच आठवड्यात ताईची एक्सेलची फाइल उघडेना. तिने २४० जणांकडून प्रश्नावली भरून घेतली होती, त्या सगळ्यांची उत्तरं त्या फाइलमध्ये होती. पेनड्राइव्हवरची प्रतही उघडेना. प्रोजेक्ट द्यायला तीन आठवडे उरले होते.

बाबा वर्कशॉपची सवय अजून पाळतात. कसलीही दुरुस्ती असली तरी आधी डायरीत लिहितात, लक्षण काय, कधीपासून, शेवटचा बदल कोणता. त्यांनी मला विचारलं, “तू यात काही बदललंस का?”

मी म्हणालो, “नाही बाबा. परवा लाइट गेली होती ना, तेव्हापासून असं होतंय.”

त्यांनी डायरीत लिहिलं : वीजपुरवठा, संशय.

पुढचं सगळं त्या एका ओळीवरून झालं. त्यांनी सॉकेट तपासलं, अर्थिंग तपासलं, नवा पेनड्राइव्ह आणला. मग पेन्शनच्या पैशांतून ३,८०० रुपयांचा नवा एसएमपीएस आणला. ते बसवत असताना टॉर्च धरून मी शेजारी उभा होतो. ताई रोज रात्री प्रश्नावलीचे कागद समोर घेऊन पहिल्यापासून आकडे टाइप करत होती, आणि तेही त्याच कॉम्प्युटरवर.

नवव्या दिवशी तिची नवी फाइल सेव्ह करतानाच अडली. बाबा म्हणाले, “आता मदरबोर्डच गेला असणार. उद्या सकाळी सीटीसीला जाऊन येतो.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. मेमरी अजून ३६०० वर आहे हे मला आठवलं. उठून गुपचूप ३२०० करावी, सगळं ठीक होईल, कोणाला कळणारही नाही, असाही विचार आला. पण मेमरी चुकत असेल तर चूक पडद्यावर दिसतेच असं नाही. या दिवसांत ताईने जे जे सेव्ह केलं होतं, त्यातलं काहीही बिघडलेलं असू शकत होतं. सेटिंग बदलून ते दुरुस्त होणार नव्हतं. ते तिला सांगणं भाग होतं.

रात्री साडेअकराला मी दोघांसमोर सगळं सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग डायरी उघडून त्यांनी वीजपुरवठ्याची ओळ खोडली. “पहिल्या दिवशी हे सांगितलं असतंस तर दहा मिनिटांचं काम होतं,” एवढंच म्हणाले. ताईने विचारलं, “कोणत्या तारखेपासून? तेवढं नीट सांग.”

मग तिथेच काम सुरू झालं. आधी काहीही न बदलता पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ चालवलं. चाळीस मिनिटांत चुकांच्या ओळी दिसू लागल्या. बाबांनी वीज बंद करून मुख्य केबल काढली. बोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी काढून सीमॉस पुसलं, म्हणजे सगळी सेटिंग मूळ पदावर आली. पुन्हा तीच चाचणी रात्रभर चालली. सकाळी चार फेऱ्या पूर्ण, चुका शून्य. मग फक्त मेमरी ३२०० वर नेली, बाकी कशाला हात नाही. पुन्हा चाचणी, पुन्हा शून्य. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलाची नोंद. मी एका बैठकीत तीन गोष्टी बदलल्या होत्या, म्हणून खरा दोषी कोण हे मलाच कळलं नव्हतं.

दुपारी बाबांनी मला मदरबोर्ड दाखवून समजावलं. प्रोसेसरच्या सॉकेटशेजारी लहान चौकोनी कॉइल आणि मॉसफेट असतात. एसएमपीएसकडून येणारे १२ व्होल्ट ते सव्वा-दीड व्होल्टच्या आत आणतात. त्याला व्हीआरएम म्हणतात. वेग तोच ठेवला तरी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२ चे १.४ केले की वीज साधारण ३६ टक्के जास्त लागते. तो सगळा भार या चार-पाच तुकड्यांवर येतो, आणि आमच्या बोर्डवर त्यांच्यावर हीटसिंकसुद्धा नव्हतं. ज्याला हा छंद करायचा आहे त्याने चिपसेटच्या नावाबरोबर व्हीआरएम आणि त्यावरचं हीटसिंकही पाहावं. ए३२० चिपसेटवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही, बी४५० वर येतो. इंटेलमध्ये त्यासाठी के अक्षराचा प्रोसेसर आणि झेड मालिकेतला बोर्ड लागतो. पण चिपसेटने परवानगी दिली म्हणजे बोर्डात तेवढा दम आहे, असं नव्हे. मेमरी घेताना बोर्डच्या कंपनीने तपासलेल्या मेमरीची यादी पाहावी. बोर्डवर बिघाड दाखवणारे छोटे दिवे असतील तर उत्तम, काय अडलंय ते निदान कळतं.

उरलेली सुट्टी मी ताईच्या शेजारी बसून काढली. मी कागदावरचा आकडा वाचायचो, ती पडद्यावरचा पाहायची. २४० प्रश्नावल्यांत दोन चुका सापडल्या, दोन्ही टाइप करतानाच्या. मेमरीमुळे एकही आकडा बदललेला नव्हता. पण तपासल्याशिवाय हे कळलं नसतं. प्रोजेक्ट वेळेवर गेला.

शाळेत संध्याकाळच्या रोल कॉलला आपण रोज रिपोर्ट देतो. आधी मला तो एक रिवाज वाटायचा. आता हाउसमध्ये काही तुटलं, हरवलं की मला बाबांची डायरी आठवते. रिपोर्ट खोटा असला की तो घेणारा माणूस कितीही हुशार असो, चुकीच्याच जागी शोधत राहतो.

निघायच्या दिवशी बॅग भरताना माझ्या कपाटावर जुना एसएमपीएस दिसला. बाबांनी तो पुसून, वायरी नीट गुंडाळून ठेवला होता. मी विचारलं, “हा टाकायचा नाही का?”

“का टाकायचा? चांगला आहे तो,” बाबा म्हणाले. “त्याची काही चूक नव्हती.”