परक्या घरीं, एका पंक्तीस

जर्मनीस जाण्याचें माझें ठरलें त्या रात्रीं माजघरांत सगळीं जमलीं असतांना मीं करारपत्र मोठ्यानें वाचून दाखविलें. तें साल २०२२. माझें वय २४. फ्रायबुर्ग येथील एका कुटुंबांत वर्षभर राहून त्यांचीं दोन मुलें सांभाळावयाचीं, आणि त्या बदल्यांत राहण्यास स्वतंत्र खोली, जेवणखाण, आजारपणाचा विमा, दरमहा २८० युरो हातखर्च व भाषेच्या वर्गासाठीं ७० युरो, असा तो व्यवहार. काम आठवड्यास ३० तासांहून अधिक नाहीं, दिवसास सहा तासांहून अधिक नाहीं, आणि आठवड्यांतून दीड दिवस सुट्टी. या प्रथेस तिकडे 'ओ-पेअर' म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच, आणि त्याचा अर्थ 'बरोबरीच्या नात्यानें' असा आहे, हेंही मीं अभिमानानें सांगितलें. वडिलांनीं विम्याविषयीं विचारलें, काकांनीं व्हिसाविषयीं. आत्या मात्र म्हणाली, "म्हणजे शेवटीं आयाच कीं!" आणि आजीनें एवढेंच विचारलें, "जेवायला कुणाबरोबर बसणार तूं?"

आत्याच्या बोलण्याचा मला राग आला. पण तें अगदींच निराधार नव्हतें. साहेबांच्या मुलांबरोबर बोटीनें विलायतेस गेलेल्या कितीतरी आया काम संपतांच तेथें वाऱ्यावर सोडल्या जात. त्यांच्यासाठीं लंडनच्या हॅकनी भागांत एक आश्रयगृह होतें, आणि त्या घरावर स्मृतिफलक लागावयास २०२२ साल उजाडावें लागलें. माझ्या हातांत निदान कागद होता.

आजीच्या प्रश्नाचें उत्तर पहिल्याच संध्याकाळीं मिळालें. सहा वाजतां सगळीं एका टेबलाशीं बसलीं व मलाही त्यांच्यामध्येंच जागा होती. ताटांत पाव, लोणी, चीज, काकडी. तिकडे रात्रीं बहुधा चूल पेटतच नाहीं. मी शाकाहारी असल्याचें त्यांस ठाऊक होतें, म्हणून मांसाची थाळी माझ्यापासून दूर ठेविलेली. एवढी पंक्तिशुद्धि आमच्या घरींही आतां कोणी पाळीत नाहीं! परंतु सकाळीं थोरलीच्या शाळेच्या डब्यांत पावावर मांसाचा काप ठेवण्याचें काम माझ्याकडेच होतें. पहिले दोन दिवस तो मीं काट्यानें उचलला. तिसऱ्या दिवशीं उशीर झाला होता, हातानेंच उचलला. ही गोष्ट मीं घरीं आजवर कळविलेली नाहीं. आतां छापूनच कळते आहे.

बाईंनीं पहिल्याच दिवशीं सांगितलें कीं, मला नांवानें हांक मार आणि 'तूं' म्हण. माझ्याहून पंधरा वर्षांनीं वडील असलेल्या बाईंस 'तूं' म्हणणें माझ्या जिभेस जमेना. पंधरवडाभर मी सर्वनाम गाळूनच बोलत होतें. सहा वर्षांच्या थोरलीला त्याची फार गंमत वाटे. पुण्यास पहिली परीक्षा उत्तीर्ण होऊन नेलेलें माझें जर्मन तिच्यापुढें टिकत नसे. मराठींत तीन लिंगें, जर्मनमध्येंही तीनच, म्हणून मला मोठी आशा होती. पण तेथें सूर्य स्त्रीलिंगी, आणि 'मुलगी' हा शब्द चक्क नपुंसकलिंगी! मी चुकलें कीं ती खो-खो हंसे व शुद्ध रूप तीनतीनदां म्हणवून घेई. तिच्याइतका निर्दय आणि उपयुक्त शिक्षक मला पुन्हां मिळाला नाहीं.

धाकटा दीड वर्षाचा. मला पाहतांच तो रडे. त्याच सुमारास त्यास बालगृहांत, ज्यास तिकडे 'कीटा' म्हणतात तेथें, घालावयाचें होतें. तेथें मूल एकदम सोडून येत नाहींत. पुष्कळ ठिकाणीं पहिले तीन दिवस आई त्याच्याबरोबर तासभर बसते व त्यास घेऊन परत येते. चौथ्या दिवशीं प्रथमच कांहीं मिनिटें दाराबाहेर जाते, आणि मूल कितपत सांवरतें हें पाहून पुढचें ठरतें. हें सारें पाहून मला कौतुकही वाटे आणि हेवाही. मी आल्यावर तिसऱ्याच दिवशीं दोन्ही मुलें माझ्यावर सोंपवून बाई कचेरींत गेल्या होत्या. रात्रीं माळ्यावरच्या त्या खोलींत मला झोंप येत नसे. जन्मांत प्रथमच स्वतंत्र खोली मिळाली होती, आणि शेजारीं कोणाचा श्वास ऐकूं येत नाहीं म्हणून मी जागी राहीं.

फ्रायबुर्गच्या जुन्या पेठेंत रस्त्यांच्या कडेनें द्राइझाम नदीचें पाणी उघड्या, अरुंद पाटांतून खेळविलेलें आहे. मुलें त्यांत दोरी बांधलेल्या लांकडी होड्या ओढीत चालतात. थोरलीची तशी एक होडी होती, म्हणून आम्हीही वरचेवर जात असूं. एके दुपारीं धाकट्यानें आपले जोडे उचलून माझ्या मांडीवर आणून टाकले व दाराकडे बोट दाखविलें. आई समोरच बसली होती, तरी जोडे त्यानें माझ्याकडे आणले. बाईंच्या चेहऱ्यावरून क्षणभर कांहींतरी सरकून गेलें तें मीं पाहिलें. मग त्यांनींच उठून मला त्याची टोपी दिली.

येथवर सगळें चांगलें. परंतु डिसेंबरपासून कामाचे तास वाढत गेले. आधीं भांडीं, मग इस्त्री, मग शनिवारची संध्याकाळ. कोणीं हुकूम केला नव्हता, "जरा करशील का?" एवढेंच. एका आठवड्याचा हिशेब मीं वहींत मांडून पाहिला तों ४१ तास भरले, आणि भाषेचा वर्ग दोनदां बुडाला होता. बोलावें तर संकोच. एका टेबलाशीं जेवावयाचें आणि तास मोजावयाचे! एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मुलीस हें फार अवघड. घरच्या माणसानें कामाचा हिशेब ठेवावयाचा नसतो, हें मी आमच्या काकूला पाहूनच शिकलें होतें. पहाटेच्या पाण्यापासून रात्रींच्या विरजणापर्यंत ती उभी असे, आणि तिनें कधीं वही घातल्याचें कोणास आठवत नाहीं.

शेवटीं फेब्रुवारींत मीं ती वही बाईंपुढें ठेविली. त्या रागावतील असें मला वाटलें होतें. त्यांचा चेहरा लाल झाला, त्यांनीं वही पुन्हां पहिल्यापासून वाचली, आणि म्हणाल्या, "तूं पहिल्याच आठवड्यांत कां नाहीं सांगितलेंस?" दुसऱ्या दिवशीं फ्रिजच्या दारावर तासांचा तक्ता लागला. बरें वाटावयास हवें होतें. पण चार दिवस तो तक्ता माझ्या डोळ्यांस खुपत राहिला. जणूं कोणीं मला पंक्तींतून उठवून ओट्यापाशीं बसविलें. पांचव्या दिवशीं मात्र मी वर्गास वेळेवर पोंचलें, आणि संध्याकाळीं टेबलाशीं नेहमींच्याच जागीं बसलें.

त्या रविवारीं घरीं फोन केला तेव्हां हें सारें सांगितलें. आत्या म्हणाली, "बघ, मी सांगत नव्हतें?" आजीनें पुन्हां जेवणाचेंच विचारलें. काकू पलीकडे कांहींतरी निवडीत बसली असावी. तिचा आवाज आलाच नाहीं. मी फोन ठेवणार, इतक्यांत ती जवळ येऊन म्हणाली, "तें कागदावरचें पुन्हां एकदां वाच ग. दीड दिवस म्हणालीस ना? त्यांतला अर्धा कुठला, शनिवारचा कीं रविवारचा?"