चार आवाजांची दुआ

गाणे ऐकणे हा आमच्या घरात वादाचा विषय आहे. अब्बांच्या मते हम्द आणि नात पुरेशी. अम्मीचे रफीसाहेबांवाचून चालत नाही. आम्ही उर्दू शाळेतले मास्तर, रोज परिपाठाला मुलांकडून इक्बालांची दुआ म्हणवून घेणारे. त्यामुळे 2025च्या जुलैअखेरीस एका रात्री आम्ही जागून लंडनच्या मैफलीचे प्रक्षेपण ऐकत बसलो, तेव्हा अम्मीने दारातूनच विचारले, "साज है क्या उसमें?" म्हटले, "नहीं अम्मी, बहुतेक सगळे नुसते गळेच आहेत." "फिर ठीक है," म्हणून त्या झोपायला गेल्या.

लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये दर उन्हाळ्यात 'प्रॉम्स' नावाचा संगीतमहोत्सव भरतो आणि त्याची प्रत्येक मैफल बीबीसी रेडिओवरून थेट ऐकवली जाते. त्या रात्री एस्टोनियाचा एक प्रसिद्ध गायकवृंद गात होता. दिग्दर्शक होते टोनू कल्युस्ते. निमित्त होते त्यांच्याच देशाचे संगीतकार आर्वो पार्त यांच्या नव्वदीचे.

आपल्याकडे दहाजण मिळून गातात तेव्हा सारे एकच चाल गातात. कव्वालीत मुख्य गायक पुढे जातो, बाकीचे त्याची ओळ उचलतात. इथे तसे नाही. पार्त यांनी 1976च्या सुमारास स्वतःची एक रीत बसवली. एक आवाज सुरांच्या पायऱ्या एकेक करून चढतो, उतरतो; दुसरा तीन ठरावीक स्वरांची जागा सोडत नाही. एक फिरणारा, एक थांबणारा. दोन्ही एकमेकांत मिसळले की घंटेचा नाद विरताना मागे राहतो तसे काही कानात राहते.

त्यांची 'दा पाचेम दोमिने' ही रचना जेमतेम पाच मिनिटांची. शब्द जुन्या लॅटिन प्रार्थनेचे, आमच्या काळात शांती लाभो एवढेच मागणारे. 11 मार्च 2004 रोजी माद्रिदमध्ये चार लोकल गाड्यांत बॉम्ब फुटले, 190हून अधिक माणसे गेली. दोनच दिवसांनी पार्त ही रचना लिहायला बसले. बॉम्ब ठेवणाऱ्यांनी आमच्याच धर्माचे नाव घेतले होते. हे ठाऊक असताना ती ऐकणे आम्हांला सोपे नव्हते.

लोकल म्हटले की आम्हांला दुसरी तारीख आठवते. 11 जुलै 2006. अकरा मिनिटांत सात स्फोट, 180हून अधिक मृत्यू. आम्ही तेव्हा सतरा वर्षांचे, जोगेश्वरीत राहणारे. मोहल्ल्यातली पोरे घरातल्या चादरी घेऊन रुळांकडे धावली. जखमींना त्याच चादरींत घालून रिक्षांपर्यंत आणले. दोन दिवसांनी आम्ही लोकलने कॉलेजला निघालो, तर डब्यात एकाने आधी नाव विचारले, मग बॅग उघडायला लावली. कॉलेजात एकजण म्हणाला, "तुम्ही लोक निषेध का करत नाही?" निषेध तर केलाच, पण रडायचे राहून गेले. आधी बेगुनाही सिद्ध करा, मग मातम करा, असा जणू नियमच होता.

योगायोग असा की मैफलीच्या त्याच महिन्यात, 21 जुलैला, मुंबई उच्च न्यायालयाने त्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक त्याआधीच तुरुंगात वारला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. इकडे एकोणीस वर्षे आत राहिलेले, तिकडे एकोणीस वर्षे घरातल्या माणसाची वाट अडलेले. दोघांच्या हाती काय आले, हे कुणाला विचारावे?

त्या पाच मिनिटांत आम्हांला कुणी नाव विचारले नाही. गाणाऱ्यांना कशाची घाई नव्हती. दोन ओळींमध्ये ते थांबत, आणि त्या खामोशीत हजारो श्रोत्यांपैकी कुणी खोकतसुद्धा नव्हते. माद्रिदच्या गाड्यांसाठी लिहिलेल्या दुआत आमच्या गाड्याही येऊन बसल्या. डोळे कधी भरले ते समजले नाही.

त्याच मैफलीत वेल्यो टोर्मिस यांची 1972ची 'लोखंडाला शाप' ही रचना झाली. तिच्यात वाद्य एकच, डफासारखे एक चर्मवाद्य. पण गायक कुजबुजतात, ओरडतात, शस्त्र होणाऱ्या लोखंडाला तळतळून शिव्याशाप देतात. शांती मागण्याआधी राग येणेही रास्त आहे, असे ऐकताना वाटले.

पुढच्या आठवड्यात सातवीच्या वर्गात आम्ही प्रयोग केला. अर्ध्या मुलांनी एकच सूर 'आ' करून धरायचा, उरलेल्यांनी पायऱ्या चढायच्या-उतरायच्या. चढणारी पोरे दर वेळी धरणाऱ्यांच्या सुरावर येऊन आपटत. एक पालक चौकशीला आले, "सर, ये चर्च का तो नहीं ना?" म्हटले, "चाचा, हा नुसता 'आ' आहे." ते दाराशी थोडे थांबून ऐकत राहिले.

चौथ्या दिवशी धरणाऱ्यांनी आपला सूर सोडला नाही, आणि चढणारे न आपटता खाली उतरले.