ऑपरेटिंग सिस्टीमच्या पिढ्या : तक्ता पाठ करण्याआधी



संगणकाच्या तासाला 'पिढ्या' हा मुद्दा आला की आपण फळ्यावर तक्ता काढतो, मुलं तो वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत तसाच लिहितात. पण त्यातून समजतं किती? माझ्या पाचवीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, विंडोज सात म्हणजे सातवी पिढी का?" प्रश्न अगदी रास्त होता. नावातच आकडा असेल तर मुलं तोच धरणार.

तर सुरुवात इथूनच करावी. नावापुढचा आकडा म्हणजे आवृत्ती, पिढी नव्हे. हा आकडा कंपनी ठरवते. विंडोज ८ नंतर ९ आलंच नाही, थेट १० आलं. विंडोज ७ चा आतला क्रमांक तर ६.१ आहे. त्यावरून पिढी कशी मोजणार?

वर्गीकरण म्हटलं की आधी निकष हवा, हे आपण विज्ञानात शिकवतोच. इथे मी मुलांना एकच निकष देते : कोण कोणाची वाट बघतं? माणूस यंत्राची, की यंत्र माणसाची?

पहिली पिढी (साधारण १९४५ ते १९५५) : ऑपरेटिंग सिस्टीम नव्हतीच. माणूस सगळी मांडणी स्वतः करायचा, तोवर यंत्र थांबून राहायचं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये सुरू झालेला 'टिफ्रॅक' निर्वात नळ्यांवर चालायचा. म्हणजे सालाने तो दुसऱ्या पिढीत, पण बांधणीने पहिल्या. तक्त्यातली सालं ढोबळ असतात, हे मुलांना इथे छान कळतं.

दुसरी पिढी (१९५५ ते १९६५) : कामं गठ्ठ्याने द्यायची. पिठाच्या गिरणीत आपण डबा रांगेत ठेवून घरी येतो ना, अगदी तसंच. आता माणूस वाट बघतो. त्याच संस्थेत १९६४ मध्ये आलेल्या सीडीसी ३६०० या संगणकाला छिद्रं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे दिले जायचे.

तिसरी पिढी (१९६५ ते १९८०) : एक काम अडलं की संगणक दुसरं घेतो. दोन वर्ग एका खोलीत सांभाळणाऱ्या शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको! चौथीला गणितं सोडवायला द्यायची आणि तेवढ्यात तिसरीचं वाचन घ्यायचं. १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये सुरू झालेली युनिक्स याच काळातली. तिच्यात अनेक जण एकाच वेळी एकाच यंत्रावर काम करू शकत.

चौथी पिढी (१९८० नंतर) : एका माणसाला एक संगणक. १९८१ ची एमएस-डॉस, पुढे विंडोज. आपल्यापैकी बहुतेकांनी एमएस-सीआयटी केलं ते याच पिढीवर. आता यंत्र आपली वाट बघतं, आपण माउस हलवेपर्यंत.

पाचवी पिढी : खिशातला संगणक. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ मध्ये आला. त्याच्या गाभ्याशी १९९१ ची लिनक्स आहे. नवी पिढी जुन्या पिढीच्या अंगाखांद्यावरच वाढते, ती अशी.

दोन गोष्टी आवर्जून सांगा. एक, संगणक यंत्राच्या पिढ्यांच्या तक्त्यात पाचव्या पिढीसमोर 'कृत्रिम बुद्धिमत्ता' असतं. तो तक्ता वेगळा आणि हा वेगळा. दोन, नवी पिढी आली म्हणून जुनी संपत नाही. हजारो बिलं एकदम काढायची असतील तर काम आजही गठ्ठ्यानेच होतं. एका घरात आजी, आई आणि नात राहतात, तसंच हे.

एवढा खटाटोप कशासाठी? नाशिकच्या आसपासच्या आपल्या शाळांतल्या कितीतरी मुलांच्या घरी संगणक नाही, फक्त एक मोबाइल आहे. तोही बाबा कामावरून आल्यावर हाती येतो. ही मुलं सहज म्हणतात, "मला संगणक येत नाही." तक्ता पाठ करून ही भीती जात नाही. पण निकष समजला की मूल स्वतःच ओळखतं, बाबांच्या हातातलं ते यंत्रही संगणकच आहे आणि तेही सगळ्यात नव्या पिढीचं.

पुढच्या तासाला तक्ता फळ्यावर लिहू नका. गिरणी, दोन वर्गांची खोली आणि मोबाइल ही तीन चित्रं काढा आणि कोण कोणाची वाट बघतंय ते मुलांनाच सांगू द्या. तक्ता ती स्वतः तयार करतील.